चव्वेचाळीस लाखांत एक

माणसाच्या एका पेशीत जेवढी जनुकीय अक्षरं असतात, तेवढी जमवायची तर क्षयाचे १,४०० जिवाणू लागतात. न्यूमोनियाचा नेहमीचा गुन्हेगार न्यूमोकॉकस घेतला, तर जवळपास २,९००. आणि कोविडचे विषाणू घेतले, तर दोन लाखांहून जास्त.

फुप्फुसाचा आजार जिनोम सिक्वेन्सिंगने ओळखायचा तर अवघड काय, हे या तीन आकड्यांत आलं. रुग्णाच्या बेडक्यात जंतू असतातच, पण त्यांच्या कितीतरी पट असतात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी. काही गालाच्या आतल्या, काही श्वासनलिकेच्या अस्तरातून सुटलेल्या, आणि बऱ्याचशा जंतूंशी लढायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशी. आजाराचा जोर वाढला की या पांढऱ्या पेशींची गर्दीही वाढते. सिक्वेन्सिंगच्या यंत्राला आपलं-परकं कळत नाही. समोर येईल तो तुकडा ते वाचतं. त्यामुळे वाचलेल्यापैकी नव्वद ते नव्व्याण्णव टक्के, कधी त्याहूनही जास्त मजकूर निव्वळ माणसाचा निघतो.

हा मजकूर लिहायला अक्षरं चारच: ए, सी, जी आणि टी. (विषाणूच्या आरएनएमध्ये टीच्या जागी यू.) समजा, ही अक्षरं सेकंदाला एक या गतीने कुणी मोठ्याने वाचू लागलं. न थांबता, न झोपता. कोविडच्या विषाणूची २९,९०३ अक्षरं ८ तास १८ मिनिटांत संपतील. सकाळी नऊला बसलेला माणूस संध्याकाळी सव्वापाचनंतर उठेल. न्यूमोकॉकसला पंचवीस दिवस लागतील. क्षयाच्या जिवाणूची ४४ लाख ११ हजार अक्षरं एक्कावन्न दिवस खातील. फुप्फुसात घर करणारी अॅस्परजिलस ही बुरशी जवळजवळ पूर्ण वर्ष घेईल. आणि माणसाच्या एका पेशीतली ६२० कोटी अक्षरं? त्यांना १९६ वर्षं. म्हणजे १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा कुणी बसला असता, तर तो २०१४ मध्ये मोकळा झाला असता. तेही एकच पेशी वाचून.

ज्या अवयवात ही शोधाशोध करायची, त्याचा पसाराही लहान नाही. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. योगग्रंथांत अजपाजपासाठी, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपासाठी, नेमका हाच आकडा येतो. श्वासाला अर्धा लिटर धरला, तर रोज दहा हजार आठशे लिटर हवा आत-बाहेर करते. ती श्वासनलिकेच्या तेवीस पिढ्यांच्या फांद्यांमधून सुमारे ४८ कोटी वायुकोशांपर्यंत पोचते. हे वायुकोश उलगडून पसरले, तर सत्तर चौरस मीटरांहून जास्त, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांहून मोठी जागा व्यापतील. एवढ्या जागेत कुठेतरी जंतू बसलेला असतो आणि डॉक्टरांच्या हाती येतो दोन-चार मिलिलिटर बेडका. तो हाती लागतोच असंही नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, आणि न्यूमोनियाच्या पुष्कळ रुग्णांना कोरडा खोकलाच असतो.

या तुटपुंज्या ऐवजावर जुन्या पद्धती किती चालतात, याचा एक मोठा हिशेब अमेरिकेत झाला. शिकागो आणि नॅशव्हिलच्या रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात न्यूमोनिया होऊन दाखल झालेल्या, एक्स-रेने खात्री झालेल्या २,३२० प्रौढांचा अभ्यास झाला. कल्चर, लघवीतल्या चाचण्या, पीसीआर, रक्ततपासण्या, त्या वेळी हाताशी होतं ते जवळपास सगळं वापरलं गेलं. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले: ज्यांचे नमुने तपासले, त्यांपैकी ६२ टक्के रुग्णांत कुठलाच जंतू सापडला नाही. उत्तम प्रयोगशाळा, भरपूर पैसा, आणि तरीही दर पाचांतल्या तीन रुग्णांच्या कागदावर गुन्हेगाराचं नाव कोरं. अशा रुग्णाला औषध द्यावंच लागतं, ते अंदाजाने. म्हणून एकाच वेळी अनेक जंतूंवर चालणारी जहाल अँटिबायोटिक्स सुरू होतात, आणि एक नेम साधण्यासाठी दहा गोळ्या झाडल्या जातात.

या चाचण्यांची एक मर्यादा मुळातच आहे. पीसीआर करायचं तर कुठला जंतू शोधायचा, ते आधी ठरवावं लागतं. कल्चर करायचं तर तो जंतू बशीत वाढायला तयार हवा. सिक्वेन्सिंगला यातलं काहीच लागत नाही. नमुन्यात जे असेल ते सगळं वाचा आणि नंतर ओळखा, असा त्याचा खाक्या. या पद्धतीला मेटाजिनोमिक्स म्हणतात. मोह पडावा अशीच ती आहे. पण एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलं की तिची खरी किंमत कळते.

समजा, नमुन्यात एक लाख मानवी पेशी आहेत आणि क्षयाचे एक हजार जिवाणू. अशा नमुन्यात क्षयाचं एक अक्षर असेल, तर माणसाची सुमारे १ लाख ४० हजार. आता यंत्राने या नमुन्यातले दोन कोटी तुकडे वाचले, प्रत्येक दीडशे अक्षरांचा. त्यांपैकी क्षयाच्या वाट्याला येतील १४२. दोन कोटींत एकशे बेचाळीस! तरीही हे थोडे नाहीत. क्षय आहे, एवढं सांगायला ते पुरेसे आहेत. पण या १४२ तुकड्यांची मिळून अक्षरं होतात साधारण २१ हजार, म्हणजे ४४ लाखांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आपल्या वाचकाच्या गतीने सांगायचं तर एक्कावन्न दिवसांच्या वाचनातले विखुरलेले सहा तास. यावरून जंतूचं नाव कळेल. कोणतं औषध त्याला लागू पडेल, हे कळणार नाही.

विषाणूच्या बाबतीत हेच गणित कधी कधी फार उदार होतं. कारण एका बाधित पेशीतून त्याच्या हजारो प्रती बाहेर पडतात. डिसेंबर २०१९ मध्ये वुहानच्या एका रुग्णाच्या फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेला द्रव शांघायला फुदान विद्यापीठातल्या झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. ३ जानेवारी २०२० ला तो पोचला आणि ५ जानेवारीला उत्तर हातात होतं. यंत्राने ५ कोटी ६५ लाख ६५ हजार ९२८ तुकडे वाचले होते. ते एकमेकांना जुळवून संगणकाने ३ लाख ८४ हजार ९६ सलग पट्टे तयार केले. त्यांतला सगळ्यांत लांब पट्टा ३०,४७४ अक्षरांचा होता आणि वटवाघळातल्या एका माहीत असलेल्या कोरोनाविषाणूशी तो ८९.१ टक्के जुळत होता. नंतर मोजलं तेव्हा साडेपाच कोटींहून जास्त तुकड्यांपैकी सुमारे सव्वा लाख या विषाणूचे होते, साडेचारशेत एक. ज्या जंतूचं नाव जगात कुणालाच माहीत नव्हतं, ज्याच्यासाठी कुठलीही चाचणी अस्तित्वात नव्हती, तो दोन दिवसांत पूर्ण वाचून झाला. ११ जानेवारीला हा मजकूर जगासमोर आला आणि पुढच्या अनेक आरटी-पीसीआर चाचण्या व लशी त्याच्या आधाराने बनल्या.

जिवाणूंच्या बाबतीत एवढी उदारता क्वचितच मिळते. तिथे माणसाची अक्षरं आधीच बाहेर काढावी लागतात. ब्रिटनमधल्या एका गटाने २०१९ मध्ये त्यासाठी सॅपोनिन वापरलं. रिठ्याला फेस येतो तो ज्या जातीच्या पदार्थांमुळे, तेच हे. सॅपोनिन माणसाच्या पेशींचं नाजूक आवरण फोडतं. जिवाणूंची भिंत भक्कम असल्याने ते बहुतेक शाबूत राहतात. बाहेर सांडलेला मानवी डीएनए मग एका विकराकडून खाऊन टाकला जातो. या युक्तीने नमुन्यातला ९९.९९ टक्क्यांपर्यंत मानवी मजकूर नाहीसा झाला. ही टक्केवारी आपल्या कल्पित नमुन्याला लावून बघा: तेच दोन कोटी तुकडे वाचले, तर क्षयाच्या वाट्याला १४२ ऐवजी तेरा लाखांहून जास्त येतील आणि पूर्ण जिनोम पंचेचाळीस वेळा वाचून होईल. हे कागदावरचं गणित आहे. प्रत्यक्षात क्षयाच्या जिवाणूची जाड मेणचट भिंत फोडून डीएनए काढणं हीच एक कटकट असते. पण नुसता नमुना धुण्याने काय फरक पडतो, तो यातून दिसतो.

त्या ब्रिटिश गटाने नमुना हाती आल्यापासून सहा तासांत उत्तर दिलं. कल्चरने पकडलेल्या जंतूंपैकी ९६.६ टक्के त्यांनीही पकडले. पण दुसरा आकडा चमत्कारिक होता. कल्चरने ज्या नमुन्यांना ‘काही नाही’ म्हटलं होतं, त्यांपैकी फक्त ४१.७ टक्के नमुन्यांत सिक्वेन्सिंगलाही काही सापडलं नाही. उरलेल्यांत काहीतरी सापडत होतं. ते खोटं होतं का? पीसीआरने आणि अधिक नेमक्या जनुकतपासणीने पुन्हा बघितल्यावर ते खरंच नमुन्यात असल्याचं निघालं. कल्चरच्या नजरेतून सुटलेले जंतू यंत्राने पाहिले होते.

इथून पुढे प्रश्न उलटा होतो. आधी काहीच सापडत नव्हतं, आता फार सापडतं. निरोगी फुप्फुस निर्जंतुक असतं, अशी जुनी समजूत होती. २०१० साली लंडनच्या संशोधकांनी श्वासनलिकांच्या आतल्या बाजूवर मोजणी केली, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सरासरी दोन हजार जिवाणूंचे जिनोम निघाले. लाळेत तर मिलिलिटरला दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात. म्हणजे लाळेचा एक मायक्रोलिटर, मिलिलिटरचा हजारावा भाग, नमुन्यात मिसळला तरी एक लाख जिवाणू आत आले. श्वासनलिकेच्या पन्नास चौरस सेंटिमीटरवरच्या सगळ्या वस्तीएवढे. तोंडातून बाहेर पडणारा बेडका लाळेला न शिवता कसा येणार? त्यात चाचणीच्या रसायनांतही कुठल्या कुठल्या जिवाणूंच्या डीएनएचे कण असतात. म्हणून यंत्राने शंभर नावांची यादी दिली, तरी त्यातलं कोणतं नाव आजाराचं आणि कोणतं नुसत्या शेजाऱ्याचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.

गंमत अशी की, हे ठरवायला तो फेकून दिलेला नव्व्याण्णव टक्के मजकूरही कामाला येतो. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी श्वास निकामी झालेल्या ९२ अत्यवस्थ रुग्णांवरचं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. जंतूंच्या मजकुराबरोबर त्यांनी रुग्णांच्या पेशींचा आरएनएही वाचला, म्हणजे त्या क्षणी कोणती जनुकं कामाला लागली आहेत ते बघितलं. शरीर जंतूशी लढत असेल, तर एक ठरावीक जनुकांचा संच जागा असतो. जंतू नुसताच पडून असेल तर हा संच शांत असतो. एकाच नलिकेतल्या द्रवात आरोपीही आणि साक्षीदारही.

क्षयाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आरोपी सापडला की काम निम्मंच होतं. क्षयाचा जिवाणू फुप्फुसाचा शेजारी म्हणून राहत नाही. सक्रिय आजाराच्या बेडक्यात तो दिसला की निदान झालं. प्रश्न असतो औषधांचा, आणि तिथे काळ आडवा येतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत त्याच्या चोवीस दुपटी होतात आणि एकाचे १ कोटी ६७ लाख. क्षयाच्या जिवाणूला एकदा दुप्पट व्हायला वीस ते चोवीस तास लागतात. जे ई. कोलाय एका रात्रीत करतो, त्याला हा तीन-साडेतीन आठवडे घेतो. त्यामुळे क्षयाच्या द्रव माध्यमातल्या कल्चरला ‘नाही’ म्हणण्याआधी ४२ दिवस वाट बघावी लागते, आणि औषधांचा परिणाम तपासायचा तर त्यापुढे आणखी काही आठवडे.

सूक्ष्मदर्शकाखाली क्षय दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जिवाणू असावे लागतात. सीबीनॅट या जनुकीय चाचणीने ही मर्यादा १३० च्या आसपास आणली. तिची सुधारित आवृत्ती सोळांपर्यंत उतरली. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट याच घराण्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. ही यंत्रं दोन-तीन तासांत दोन गोष्टी सांगतात: क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल का. दुसऱ्या उत्तरासाठी ती ४४ लाखांपैकी फक्त ८१ अक्षरांचा पट्टा तपासतात. आरपीओबी (rpoB) नावाच्या जनुकातला हा पट्टा. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जिवाणूंचा बिघाड एवढ्याशा जागेत असतो. त्यातला जगात सर्वाधिक आढळणारा बिघाड म्हणजे टीसीजी या तीन अक्षरांचं टीटीजी होणं. ४४ लाखांत एक अक्षर बदललं, आणि क्षयाच्या उपचाराचा कणा असलेलं औषध निकामी.

असे बदल कुणी मुद्दाम करत नाही; ते आपोआप होत असतात. पाठ्यपुस्तकांतला ढोबळ हिशेब असा, की साधारण दहा कोटी जिवाणूंत एक जन्मतःच रिफाम्पिसिनला दाद न देणारा असतो आणि दहा लाखांत एक आयसोनियाझिडला. फुप्फुसात पडलेल्या क्षयाच्या एका पोकळीत दहा कोटी जिवाणू सहज असू शकतात. म्हणजे एकच औषध दिलं, तर न मरणारा जिवाणू तिथे बहुधा आधीच हजर आहे. दोन्ही औषधांना पुरून उरणारा मात्र शंभर लाख कोटींत एक, आणि एवढे जिवाणू कुठल्याच फुप्फुसात मावत नाहीत. क्षयाला एकावेळी चार औषधं देतात ती याच गुणाकारापायी. गोळ्या मध्येच सोडल्या, अर्धवट घेतल्या, चुकीच्या घेतल्या की हा गुणाकार मोडतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगासमोर मांडले, तेव्हा २०११ साल संपत आलं होतं.

आज अशा क्षयावरचं महत्त्वाचं औषध बेडाक्विलिन. त्याला दाद न देण्याचं सामर्थ्य ज्या जनुकात सर्वाधिक आढळतं, त्यात सुमारे पाचशे अक्षरं आहेत आणि बिघाड त्यांपैकी कुठेही होऊ शकतो. ८१ अक्षरांच्या पट्ट्यासारखी सोयीची जागा इथे नाही. पूर्ण जनुक वाचायचं, तर सिक्वेन्सिंगच हवं. वाचलेल्या बदलाचा अर्थ लावायला जागतिक आरोग्य संघटनेने बदलांची सूची तयार केली आहे. तिची २०२३ ची दुसरी आवृत्ती ६७ देशांतल्या ५२ हजारांहून जास्त नमुन्यांवर उभी आहे. प्रत्येकाचा जिनोम एकीकडे आणि औषधांचा प्रत्यक्ष परिणाम दुसरीकडे. बेडक्यातून थेट निवडक जनुकं वाढवून वाचणाऱ्या चाचण्यांना संघटनेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनांत स्थान दिलं.

पूर्ण जिनोम वाचला की आणखी एक गोष्ट हाती येते. क्षयाच्या जिवाणूची ४४ लाख अक्षरं इतकी हळू बदलतात, की सरासरी दोन वर्षांत एकच अक्षर नवं होतं. दोन रुग्णांच्या जिवाणूंत पाचापर्यंत अक्षरांचा फरक असेल, तर अलीकडेच एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग गेल्याची शक्यता मोठी. बारापेक्षा जास्त असेल, तर सहसा नाही. ब्रिटनमधल्या रुग्णांवरून २०१३ मध्ये काढलेला हा ठोकताळा. इंग्लंडने २०१७ मध्ये क्षयाचे पूर्ण जिनोम वाचणं रोजच्या कामात आणलं.

मग हे सगळीकडे का होत नाही? यंत्रं कमी पडतात म्हणून? मुठीत मावणारं, शंभर ग्रॅमच्या आतलं मिनआयन नावाचं यंत्र घ्या. त्यात ५१२ वाहिन्या आहेत. प्रत्येकीतल्या सूक्ष्म छिद्रातून सेकंदाला सुमारे चारशे अक्षरं सरकतात आणि विजेच्या प्रवाहातल्या चढउतारावरून ती ओळखली जातात. सगळ्या वाहिन्या चालू असतील तर सेकंदाला दोन लाख अक्षरं. आपल्या वाचकाचे एक्कावन्न दिवस इथे बावीस सेकंदांत उरकतात. मोठ्या यंत्रांची तर गोष्टच सोडा. नोव्हासेक एक्स प्लस दोन दिवसांच्या एका फेरीत १६ लाख कोटी अक्षरं वाचू शकतं, असं त्याचे निर्माते सांगतात. सरासरीने सेकंदाला सव्वानऊ कोटी. पेशवाईपासूनची १९६ वर्षं सव्वा मिनिटाच्या आत.

आता शेवटचा गुणाकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला. त्यांतले २६ टक्के, म्हणजे सुमारे २८ लाख, भारतातले. या प्रत्येकाच्या जिवाणूचा पूर्ण जिनोम पन्नास-पन्नास वेळा वाचायचा ठरवला, तर होतात ६१८ लाख कोटी अक्षरं. मोठ्या यंत्राच्या ३९ फेऱ्या. अठ्ठ्याहत्तर दिवस. देशाचा वर्षभराचा सगळा क्षय, एक यंत्र, अडीच महिने.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने क्षयाच्या ३२,५०० नमुन्यांचे जिनोम वाचण्याचा कार्यक्रम २०२२ मध्ये हाती घेतला. वर्षाच्या रुग्णांच्या मानाने हे एक टक्क्याहून थोडे जास्त आहेत, आणि याच हिशेबाने त्यांचं निव्वळ वाचन त्या यंत्राच्या अर्ध्या फेरीचं, एका दिवसाचं काम आहे. तरी कार्यक्रम वर्षानुवर्षं चालतो. कारण प्रत्येक नमुन्यासाठी कुणीतरी रुग्णाकडून लाळ नसलेला, खोलवरून आलेला बेडका मिळवावा लागतो. डबी घट्ट बंद करून, गार ठेवून ती वेळेत पोचवावी लागते. तिथे जिवाणू वाढवायला तीन ते सहा आठवडे द्यावे लागतात. मग त्याची मेणचट भिंत फोडायची. आणि उत्तर आल्यावर ते तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत, रुग्ण औषध सोडून कामाला दुसऱ्या गावी निघून जाण्याआधी, पोचायचं. सेकंदाला नऊ कोटींच्या वेगाने यातलं काहीही होत नाही. खर्च करायला पैसा आणि माणसं असतील, तर ती आधी या कामांवर लागायला हवीत.